डिझेल की गॅस

मंगळवार, ३ नोव्हेंबर

गाडीचं इंजिन आज फुटलं. रागाने नाही लिहीत, खरंच फुटलं. खिंडीच्या आधीच्या चढावर पहिल्या गिअरला होते. आधी टकटक, मग घणासारखा एकच ठोका, आणि मागे दगडांवर काळ्या तेलाचा पट्टा. वाकून पाहिलं तर इंजिनच्या कुशीत माझी मूठ जाईल एवढं भोक. आतला रॉड मोडक्या हाडासारखा बाहेर आलेला.

सिस्टर मागे लसींचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "आता?" म्हणाल्या.

"आता पायी," मी म्हटलं. दोघी परत खाली चालत आलो, डबा आळीपाळीने धरून. ट्रॅक्टरने ओढून जीप माझ्या दादाच्या गॅरेजात आणली तेव्हा ऊन उतरलं होतं. दादाने भोकात हात घालून पाहिलं, हात पुसला आणि म्हणाला, "संपलं हिचं."

एरवी मी फक्त फेऱ्यांची वही लिहिते: किती वाजता निघाले, कोण होतं, किती वाजता आले. आता फेरीच नाही, तर हीच वही उलटीकडून सुरू केली. डोक्यात घोळत राहण्यापेक्षा कागदावर बरं.

करारात लिहिलंय की आरोग्य केंद्राची मंगळवारची गाडी सलग तीनदा वर पोचली नाही तर काम दुसऱ्याला. आजचा एक गेला.

बुधवार, ४ नोव्हेंबर

दादाचं म्हणणं सरळ आहे. डिझेल गेलं, डिझेलच बसवायचं. भंगारवाल्याकडे याच जातीचं एक इंजिन पडलंय, दादाने पूर्वी बघून ठेवलेलं. पण ते खोलायचं, सिलिंडर घासून घ्यायचे, रिंगा, बेअरिंगा. तीन आठवडे. म्हणजे काम गेल्यात जमा.

दुपारी त्याच्याकडेच जेवले. दादाने पहिलाच घास घेतला आणि ताट सरकवलं. "यात काही घातलंयस की नुसतं पाणी उकळलंयस?" वहिनीने मुकाट्याने तिखटाची बाटली पुढे केली. त्याने भाजी लाल होईपर्यंत ओतलं. मला ती भाजी चांगली लागली होती, तसं मी म्हटलंही, पण वहिनीने माझ्याकडे पाहिलंच नाही.

मागच्या हिवाळ्यात इंजिन उचलायची साखळी सुटून याच्या डोक्याला लागली, आठवडाभर दवाखान्यात होता. तेव्हापासून असाच चिडका झालाय. वहिनी कशी काय सोसते कोण जाणे. दोघांचं काहीतरी बिनसलंय, पण विचारणार कोण?

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

बाजाराच्या गावी जाऊन किटवाल्याला भेटले. गाड्यांना गॅसचं किट बसवणारा तरुण माणूस, बोलतो भराभरा, पण हात स्वच्छ आणि दुकान नीटनेटकं. त्याच्याकडे अपघातात गेलेल्या एका गाडीचं पेट्रोल इंजिन आहे, फार न चाललेलं. माझ्यासारख्याच एका जीपला त्याने तेच इंजिन बसवलंय, त्यामुळे गिअरबॉक्सला जोडायची प्लेट तयार. चालू करायला थोडं पेट्रोल, मग सगळं गॅसवर. टाकी मागच्या बाकाखाली. पाच-सहा दिवसांत गाडी उभी करून देतो म्हणाला.

परत येऊन गॅरेजात दादाला सांगितलं. त्याने पाना खाली ठेवला.

"गॅस नको."

"का?"

"ओढा उतरताना पाणी उडालं की स्पार्क मरतो. डिझेलला स्पार्क लागतच नाही. आणि चढावर पहिल्या गिअरला जी ताकद डिझेलला आहे, ती याला नाही."

"कमी ताकदीने चढेन. उशिरा पोचेन, पण पोचेन."

"गॅस हवेपेक्षा जड असतो छोटे. गळला तर खाली साचतो, गाडीच्या तळाला. दिसत नाही. डिझेल गळलं तर डोळ्याला दिसतं."

"दिसत नाही, पण वास येतो की! मुद्दाम घालतात तो वास. आंधळ्यालाही कळेल."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी काहीतरी घाणेरडं बोलले. मग पाना उचलून मागे निघून गेला.

मला वाटतं त्याला तो किटवालाच खुपतोय. तीस वर्षं या भागात गाडी म्हटली की दादा. आता कोणी पोरगेला येऊन सांगतो की सहा दिवसांत होईल, ते कसं गिळणार? पण त्याच्या मानापायी मी माझं काम घालवू का?

सोमवार, ९ नोव्हेंबर

मी ठरवलं. गॅस.

दादा एवढंच म्हणाला, "मग माझ्याच गॅरेजात बसेल. इंजिन मी बसवणार. त्याने फक्त त्याच्या नळ्या जोडायच्या."

किटवाला दुपारी इंजिन घेऊन आला. आत पाऊल टाकलं आणि रुमाल नाकाला लावून बाहेर पळाला. गाडीखाली उतरायच्या खड्ड्यात उंदीर मरून पडला होता, दोनेक दिवसांचा असेल. मलाही मळमळलं. आणि दादा सकाळपासून त्याच खड्ड्यात उभा राहून जुन्या इंजिनचे बोल्ट काढत होता!

"तुला काहीच वाटलं नाही?"

"कामात असलं की काही वाटत नाही," तो म्हणाला आणि फावडं आणायला गेला.

खरं सांगायचं तर कौतुक वाटलं. असं कामात बुडून जाणं मला जमत नाही.

बुधवार, ११ नोव्हेंबर

काल दुसरा मंगळवार गेला. सिस्टर थांबल्या नाहीत. लसींची पिशवी पाठीला लावून एकट्या पायी वर गेल्या. वरच्या शेवटच्या वस्तीत एक बाई आठ महिन्यांची गरोदर आहे, तिचा रक्तदाब वर जातोय. पुढच्या मंगळवारी तिला खाली दवाखान्यात आणायचं, तोवर सिस्टर तिच्यापाशीच राहणार असा निरोप आला. "गाडी नक्की पाठवा," असंही.

नक्की.

नवं इंजिन जागेवर उतरलं, प्लेट बसली. दादा आणि किटवाला एकमेकांशी "तो पाना द्या" याच्यापलीकडे बोलत नाहीत.

शनिवार, १४ नोव्हेंबर

गाडी सुरू झाली! आवाज इतका मऊ की मला वाटलं बंद पडली. गावातून दोन चकरा मारल्या. वहिनीला शेजारी बसवलं, ती खूप दिवसांनी हसली.

दादाचं मात्र वेगळंच चाललंय. साबणाचं पाणी आणि एक जुना ब्रश घेऊन प्रत्येक जोडावर लावतो आणि बुडबुडा येतो का ते डोळे बारीक करून बघत बसतो. एकदा नाही, चार वेळा. किटवाला म्हणाला, "मिस्त्री, मी केलं ते तपासून. आणि गळलं तर वास येईलच ना." दादा त्याच्यावर खेकसला, "तू तुझं काम कर!" किटवाला निघून गेला, पैसेही न घेता. मला इतकी लाज वाटली. नळीच्या जोडाला धक्का लागू नये म्हणून टाकीच्या तोंडावर बसवायचं झाकण त्याच्याकडे आज नव्हतं, बुधवारी आणून देणार होता. आता येतो की नाही देव जाणे.

मला सर्दी झालीय. डोकं जड.

सोमवार, १६ नोव्हेंबर

सर्दी वाढली. नाक पूर्ण बंद, चहा की गरम पाणी तेही कळत नाही. दादाला म्हटलं, "उद्या तू चल माझ्याबरोबर. माझं नाक काम करत नाहीये. तू मागे टाकीपाशी बस, वास आला की सांग."

तो नट आवळत होता. थांबला. मला वाटलं नाही म्हणणार. पाना पुसत म्हणाला, "डिझेलचं अजून बघू या का? एक आठवडा थांब, रात्रंदिवस बसून करतो."

"ती बाई थांबेल का आठवडाभर?"

"येतो," म्हणाला.

बरं झालं. तो बरोबर असला की मला धीर असतो.

बुधवार, १८ नोव्हेंबर

काल लिहिता आलं नाही. झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी आठला निघालो. वारं गार आणि धुळीचं, म्हणून ताडपत्रीचे सगळे पडदे पट्ट्यांनी बंद. दादा मागे बाकावर, बरोबर टाकीच्या वर, मांडीवर साबणाच्या पाण्याचा डबा. मी विचारलं, "वास?" माझा प्रश्न संपायच्या आतच तो म्हणाला, "नाही."

खिंडीच्या पायथ्याशी थांब म्हणाला. साबण लावला, बुडबुडा नाही. खिंडीवर परत थांब म्हणाला. परत साबण, परत काही नाही. पुढे ओढा. पाण्यातले दगड मोठे, गाडी दोनदा खालून आपटली. पलीकडे चढल्यावर तो तिसऱ्यांदा म्हणाला, "थांब."

"दादा, अकरा वाजत आले. तुला काही वास येतोय का?"

त्याने साबणाच्या डब्यात ब्रश बुडवला.

"येतोय का?"

"नाही."

"मग चल ना." आणि मी थांबले नाही.

तिथून वस्ती पाऊण तास. डोकं दुखायला लागलं होतं. सर्दीच, असं मी धरून चालले. आरशात दादा दिसत होता, एका हाताने बाक घट्ट धरलेला, आणि नजर पायांखाली. मी एकदा म्हटलंही, "एवढा घाबरतोस कशाला?"

वस्तीत सिस्टर वाट बघत उभ्याच होत्या. ती बाई घोंगडं पांघरून ओट्यावर बसलेली, पाय सुजलेले. तिचा सासरा सामान घेऊन पुढे आला, तोंडात पेटती सिगारेट. मी इंजिन बंद केलं. तो मागचा पडदा सोडायला वाकला आणि सिस्टर किंचाळल्या.

"मागे व्हा! काका, मागे! विझवा ती आधी!"

म्हातारा दचकून मागे सरला, सिगारेट हातातून पडली, सिस्टरांनी ती पायाखाली रगडली. मग माझ्याकडे बघून ओरडल्या, "अहो, केवढा वास येतोय! तुम्ही बसलात कशा आत?"

मी उडी मारून उतरले. दादा अजून आतच होता. तो वाकून टाकीचा कॉक फिरवत होता. फिरवून झाल्यावर उतरला, सगळ्यांना हाताने लांब सारलं आणि एकेक पडदा काढून टाकला. वारा आरपार जायला लागला. मग साबण. टाकीच्या तोंडाशी, जिथे झाकण हवं होतं तिथे, नळीचा जोड सैल झाला होता. कॉक बंद करूनही नळीत उरलेल्या गॅसचे बुडबुडे येत होते, मटाराएवढे.

मी म्हटलं, "तू त्याच्यावर बसला होतास. अर्धा हात अंतर. तुला आला नाही?"

त्याने डबा खाली ठेवला.

"मला वास येत नाही छोटे. डोक्याला लागलं तेव्हापासून. कसलाच नाही."

मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. पुष्कळ बोलले. लोकांसमोर बोलले. तो ऐकत उभा राहिला. शेवटी सिस्टर मध्ये पडल्या.

"भांडण खाली जाऊन. मला एवढंच सांगा मिस्त्री, या गाडीतून मी हिला नेऊ का?"

दादा नळीकडे बघत राहिला. नवा वॉशर त्याच्या खिशात होता, जोड पाच मिनिटांत आवळता आला असता. मला वाटलं तो हो म्हणणार.

"गॅसवर नाही," तो म्हणाला. "आवळून देतो, पण खात्री देत नाही. मला ती देता येत नाही."

त्या बाईने डोळे मिटले. सिस्टरांनी तिचा हात हातात घेतला. पायी नेणं शक्यच नव्हतं.

मग दादा एकदम हलला. "टाकीच काढून टाकू. चालू करायच्या डब्यात चारेक लिटर पेट्रोल असेल. उतारच आहे सगळा. पुरेल."

नळ्या सोडवल्या, पट्टे सोडवले. सासरा आणि दादाने टाकी उचलून लांब उघड्या माळावर नेऊन ठेवली. गाडी तासभर वाऱ्यावर उभी ठेवली. मग सिस्टर आत शिरल्या, बाकाखाली डोकं घालून हुंगलं, कोपरे हुंगले, बॉनेट उघडायला लावून तिथेही हुंगलं. "काही नाही," म्हणाल्या. तरी दादाने त्यांना परत एकदा हुंगायला लावलं.

दोन वाजता निघालो. ओढ्यापाशी दादा उतरला, स्पार्कच्या वायरींवर प्लॅस्टिक बांधलं, आणि गुडघाभर गार पाण्यात पुढे चालत मला दगड दाखवत राहिला. मी त्याच्या हाताकडे बघून चाक वळवत होते. मध्यावर इंजिन दोनदा अडखळलं. तिसऱ्यांदा अडखळलं तेव्हा ती बाई मागून म्हणाली, "चल गं बाई, चल," मला की गाडीला ते कळलं नाही. गेली.

दिवेलागणीला दवाखान्यात पोचलो. दारात सिस्टर मला म्हणाल्या, "अहवालात मी हे सगळं लिहिणार आहे."

"लिहा," मी म्हटलं.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

त्या बाईला मुलगी झाली. दोघी ठीक.

दादाकडे गेले. वाटलं होतं वहिनीला त्याने सांगितलं असेल. नव्हतं सांगितलं. मीच सांगितलं, त्याच्या देखत. वहिनी दूध गाळत होती. गाळणी तशीच हातात.

"वर्षभर?" ती म्हणाली. "वर्षभर मला वाटतंय माझ्या हातचं तुम्हाला जात नाही. मी बहिणीला विचारून विचारून मसाले बदलले. आणि तुम्हाला कशाचीच चव नव्हती?"

"तिखट लागतं. मीठ, साखर कळते. बाकी सगळं कापूस."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"तुला सांगितलं असतं तर खरं झालं असतं," दादा म्हणाला. मग जमिनीकडे बघत, "जळका क्लच, तापलेला ब्रेक, गळकं पेट्रोल, मी बॉनेट उघडायच्या आधी सांगायचो. लोक त्यासाठी यायचे. नाक गेलेल्या मिस्त्रीकडे कोण येईल?"

वहिनी रडली नाही. दूध गाळून झाल्यावर म्हणाली, "आणि ही? हिला घेऊन गेलात ते?"

मला त्याच्या वतीने बोलावंसं वाटलं की तिसऱ्यांदा थांब म्हणाला तेव्हा मी थांबले नाही. पण बोलले नाही. अजून राग आहे. इथे लिहून ठेवते, बोलेन केव्हातरी.

सोमवार, २३ नोव्हेंबर

केंद्राच्या डॉक्टरांनी बोलावलं. सिस्टरांचा अहवाल टेबलावर. गाडी तपासून पास होईपर्यंत माझं काम बंद. करार मोडला नाही, कारण मंगळवारी गाडी पोचली होती आणि पेशंट खाली आला होता, हेही सिस्टरांनीच लिहिलंय. आठ डिसेंबरपर्यंत मुदत.

भंगारवाल्याकडून डिझेल इंजिन आणलं. मीच चालवला ट्रॅक्टर. किटवाल्याला त्याचं इंजिन परत करायला गेले आणि दादाच्या वतीने माफी मागितली. तो झाकण घेऊनच बसला होता. म्हणाला, "झाकणाशिवाय गाडी सोडायला नको होती, माझं चुकलं." सिलिंडर घासायला त्याच्या ओळखीचं वर्कशॉप आहे. तीन आठवड्यांचं काम दहा दिवसांत करून देतात.

गुरुवार, ३ डिसेंबर

रोज सकाळपासून गॅरेजात. दादा सांगतो, मी धरते. आमचं बोलणं कमीच. आज दुपारी तो इंजिनावर वाकलेला असताना मी म्हटलं, "त्या दिवशी ओढ्याच्या पलीकडे मी थांबायला हवं होतं."

"मी बोलायला हवं होतं," तो म्हणाला. "तू बोल्ट धर सरळ."

मंगळवार, ८ डिसेंबर

तपासनीस येऊन गेले, गाडी पास. लगेच फेरी. सिस्टर, लसी, औषधं, दादा. नवं इंजिन, म्हणजे जुनंच, दात पाडेल इतकं थरथरतं, आणि आवाजाने सिस्टरांना ओरडून बोलावं लागतं. पण खिंडीच्या चढावर पहिल्या गिअरला असं ओढतं की मी मोठ्याने हसले. ओढ्यात पाणी बॉनेटपर्यंत उडालं. इंजिन अडखळलंसुद्धा नाही.

फेऱ्यांच्या वहीत नोंद केली. निघालो ८:१०. पोचलो ११:४०.

शनिवार, १२ डिसेंबर

शाळेच्या बसचा ड्रायव्हर आज गॅरेजात आला. जुनं गिऱ्हाईक. मागे टेम्पोवाला रांगेत. ड्रायव्हर उतरता उतरता म्हणाला, "मिस्त्री, आत कसला तरी वास येतोय बघा."

मी तिथेच होते. माझं नाक आता उघडलंय, मी पुढे सरकणारच होते. दादाने हात आडवा केला.

"मला वास येत नाही," तो त्याला म्हणाला. "वर्ष झालं. डोक्याला मार लागून गेला. ही बहीण हुंगून सांगेल, त्यावरून मी शोधतो. चालत असेल तर लाव."

ड्रायव्हरने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बघतो," म्हणाला, बसला, बस उलटी घेतली आणि बाजाराच्या रस्त्याला लागला.

मला दादाकडे बघवेना. तो बस वळेपर्यंत उभा होता.

"बरोबर केलं त्याने," तो म्हणाला. "मुलं असतात त्याच्या गाडीत."

टेम्पोवाल्याने हे सगळं ऐकलं होतं. खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "मिस्त्री, माझ्या गाडीला वास नाही. आवाज आहे."

"आवाज?" दादाने हातातली चिंधी खांद्यावर टाकली. "मग आण आत."